‘सुरक्षित विद्रावक’ : एका संज्ञेची चिकित्सा

अन्नातील जीवनसत्त्वांच्या विश्लेषणाविषयी मराठीत लिहिताना ‘सुरक्षित विद्रावक’ ही संज्ञा सहज सुचते. पण ती निर्दोष नाही. ‘सुरक्षित’ हे कर्मणि धातुसाधित होय. त्याचा मूळ अर्थ ‘नीट राखलेला’ असा. ‘निरुपद्रवी’ असा नव्हे. रूढीने अर्थ पालटतो हे मान्य केले, तरी ‘कोणाला निरुपद्रवी?’ हा प्रश्न उरतोच. या विशेषणाला चतुर्थीची आकांक्षा आहे आणि ती संज्ञेत अपूर्ण राहते.

‘अ’ जीवनसत्त्वाचे उदाहरण घ्यावे. नमुन्याचे साबणीकरण झाल्यावर ते ईथरने किंवा हेक्झेनने वेगळे काढतात. साठवलेल्या ईथरमध्ये पेरॉक्साइडे तयार होतात; ती स्फोटक असतात, शिवाय जीवनसत्त्वाचाही नाश करतात. हेक्झेन जीवनसत्त्वाला बाधत नाही. मात्र त्याची वाफ दीर्घकाळ हुंगणाऱ्या विश्लेषकाच्या मज्जातंतूंना इजा पोचते. एथिल ॲसिटेट त्या मानाने कमी विषारी, परंतु तेही ज्वालाग्राही. म्हणजे जीवनसत्त्व, विश्लेषक व प्रयोगशाळा या तिघांची सुरक्षितता एक नव्हे.

हा वाद केवळ व्याकरणाचा नाही. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली कीटकनाशकांच्या फवारणीत विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले. त्याच जिल्ह्यातील मुकुटबनचा एखादा विद्यार्थी उद्या प्रयोगशाळेत ‘सुरक्षित’ हा शब्द वाचून खिडकी उघडावयाचे विसरला, तर दोष परिभाषेकडेही जाईल. ‘श्वसनास कमी अपायकारक’ यासारखी तरतमभाव दाखविणारी रचना लांब खरी. पण ती खोटा दिलासा देत नाही.