डोहाळे कोणाचे?

संस्कृत काव्य शिकविण्यात ज्याची पंचवीस-तीस वर्षे गेली, त्याला काही श्लोक इतके पाठ होतात की, त्यांचा अर्थ पाहण्याचे तो सोडूनच देतो. माझ्यापुरते बोलावयाचे तर 'रघुवंशा'च्या तिसऱ्या सर्गातील चौथा श्लोक हा असा आहे. दिलीपाची राणी सुदक्षिणा गरोदर आहे. तिला माती खावीशी वाटते. आणि कवी सांगतो की, हिचा पुत्र पुढे दिगंतापर्यंत रथ नेऊन, इंद्राने स्वर्ग भोगावा तशी पृथ्वी भोगणार आहे, म्हणूनच हिने इतर सारे रस ओलांडून प्रथम मातीवर मन बसविले. वर्गात ह्या ठिकाणी थांबून कल्पनेच्या भरारीची तारीफ मी किती वेळा केली असेल, त्याची गणती नाही. काळ्यांच्या इंग्रजी टीपांवर वाढलेल्या आम्हां विद्यार्थ्यांना श्लोकात अलंकार सापडला की श्लोक संपला, अशी सवयच लागलेली असते.

गेल्या महिन्यात माझी मुलगी बाळंतपणासाठी माहेरी आली. दुपारी ती माझ्या अभ्यासाच्या खोलीतील आरामखुर्चीत पडून असते. एके दिवशी दुसऱ्या दिवशीच्या तासाची तयारी करताना हा श्लोक मी तिला मोठ्या हौसेने समजावून सांगितला. ती ऐकून म्हणाली, "बाबा, पण तिला माती का आवडली, हे तिला कुणी विचारलं का?"

मी म्हटले, विचारले तर! पुढच्याच श्लोकात राजा मोठ्या आदराने, पुनःपुन्हा विचारतो. मात्र राणीला नव्हे. ती लाजेने काही बोलत नाही, म्हणून तिच्या सख्यांना.

"मग सख्यांनी काय सांगितलं?"

आता ह्याला उत्तर काय द्यावे? सख्यांचे उत्तर काव्यात नाही. सहाव्या श्लोकात एवढेच आहे की, राणीने जे जे मनात आणले ते ते तिच्यापुढे आलेलेच तिला दिसले; कारण ज्याच्या धनुष्याला प्रत्यंचा चढलेली आहे अशा राजाला स्वर्गातील वस्तूही दुर्मिळ नव्हती. म्हणजे प्रत्यंचा आहे, स्वर्ग आहे. राणीला काय हवे होते ते मात्र नाही. तीस वर्षे मी हा सर्ग शिकविला आणि ही रिकामी जागा मला दिसली नाही, हे कबूल करताना थोडी लाज वाटते.

कालिदासाला दोष देण्याची मला घाई नाही. ह्या वर्णनातला तिसरा श्लोक ज्याने वाचला असेल त्याला माझे म्हणणे पटेल. एकांतात राजा राणीच्या मुखाचा वास घेतो, त्या मुखाला मातीचा गंध येत असतो आणि त्याची तृप्तीच होत नाही. उन्हाळ्याच्या शेवटी पहिल्या सरींनी शिंपडलेले रानातले डबके हत्तीने हुंगावे तसा तो हुंगत राहतो. मृगाच्या पहिल्या पावसाचा वास ज्याच्या नाकात आहे त्याला येथे टीकाकाराची गरज नाही. माती येथे माती आहे आणि बाई बाई आहे. चौथ्या श्लोकात मात्र तीच माती साम्राज्य होऊन बसते. तिसरा श्लोक कवीचा आहे. चौथा दरबारच्या ज्योतिषाचा आहे, असेच आता मला वाटते. (आजचा डॉक्टर मातीची ओढ ऐकून प्रथम रक्तातले लोह तपासावयास सांगेल, ही गोष्ट वेगळी.)

मातीचे साम्राज्य का करावे लागले, ह्याचे उत्तर वैद्यकग्रंथांत सापडते. सुश्रुताने शारीरस्थानात म्हटले आहे की, चौथ्या महिन्यात गर्भाचे हृदय व्यक्त होते. तेव्हा स्त्रीला दोन हृदये होतात आणि म्हणून तिला 'दौहृदिनी' म्हणतात. आपला 'डोहाळे' हा शब्द ह्याच घराण्यातला. कल्पना मनोहर आहे आणि तिने बायकांचे कल्याणही केले आहे. कारण डोहाळा अपुरा राहिला तर मूल व्यंग घेऊन जन्मते, हे भय सुश्रुताने सांगून ठेवले, आणि त्या भयापोटी कित्येक सुनांच्या हातावर चिंचेचे बुटूक पडले असेल. परंतु त्याची किंमतही पाहावी. इच्छा बोलते ती दुसऱ्या हृदयाची. पहिले हृदय केवळ निरोप्या! पुढे सुश्रुत कोणत्या डोहाळ्याचे कोणते फळ, तेही सांगतो. राजदर्शनाची इच्छा झाली तर धनवान भाग्यशाली कुमार होतो. आश्रमाची ओढ लागली तर संयमी, धर्मशील अपत्य. आणि रेशमी वस्त्रे व दागिने हवेसे वाटले तर? वाचकांना वाटेल की, येथे तरी मुलगी येईल. छे! अलंकारांची आवड असलेला पुत्र होतो.

मुलीचा उल्लेख त्या ग्रंथात मुळीच नाही असे नव्हे. पुत्र होण्याची लक्षणे दिली आहेत. त्यांत उजव्या अंगाच्या खुणा आहेत, आणि ज्या वस्तूंची नावे पुल्लिंगी त्यांचे डोहाळे होतात, अशीही एक खूण आहे. ह्याच्या उलट असेल तर कन्या. कन्येला स्वतःचे लक्षण नाही; ती 'उलट' आहे.

ह्या पुल्लिंगी-स्त्रीलिंगी प्रकरणाने मला एक दिवसभर गुंतवून ठेवले. 'मृद्', 'मृत्तिका', 'क्षिति', 'भू' ही संस्कृतातली मातीची नावे स्त्रीलिंगी आहेत. सुश्रुताचा नियम लावला तर सुदक्षिणेला मुलगीच व्हावयास हवी होती! कालिदासाला हा घोटाळा खरोखर टाळावयाचा होता असे मी म्हणत नाही. तसे म्हणणे पंडिती खेळ होईल. परंतु पृथ्वीला भोग्य करून त्याने तो टाळला आहे खरा. माती ही कन्येची खूण न राहता पुत्राची भावी पट्टराणी झाली. आणि मराठीत पाहावे तर आमच्या डोहाळ्यांचे काय होईल? चिंच स्त्रीलिंगी, कैरी स्त्रीलिंगी, भेळ स्त्रीलिंगी, आणि माझी मुलगी जिच्यासाठी दिवसाआड आईच्या मागे लागते ती ताकातली तांदळाची उकड, तीही स्त्रीलिंगी. एवढ्या पुराव्यावर महाराष्ट्रात पुत्र जन्मतात हेच आश्चर्य.

हा नियम मेला आहे असे मात्र कोणी समजू नये. आमच्या घरी डोहाळजेवण झाले. हिरवी साडी, फुलांचे दागिने, हातात फुलांचा धनुष्यबाण देऊन छायाचित्र, सारे यथासांग. मग दोन वाट्या पालथ्या घातल्या. एकीखाली पेढा, एकीखाली बर्फी. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. दुधाच्या एकाच आटीवातून निघालेल्या दोन पदार्थांत भेद काय तो व्याकरणाचा! मुलीने वाटी उचलली, बर्फी निघाली, ती टाळ्या पिटून हसली, कारण तिला मुलगीच हवी आहे आणि ते ती कोणापासून लपवीत नाही. क्षणभर कोणी बोलले नाही. मग नात्यातल्या एका वडील बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवून म्हटले, "असू दे गं, पुढच्या खेपेला पेढा." त्यांच्या आवाजात मायाच होती, आणि म्हणूनच ते वाक्य मला अजून सलते.

पोटात मुलगी आहे की मुलगा, हे आपल्याकडे कोणी सांगू शकत नाही. महाराष्ट्राने १९८८ मध्ये व केंद्राने १९९४ मध्ये कायदा केला तो त्यासाठीच. आणि २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे ८९४ मुली भरल्या, ह्यावरून त्या कायद्याची गरज कळते. म्हणून मुलीची वाट पाहणे म्हणजे केवळ इच्छा करणे. असल्या इच्छेला आमच्या वाङ्मयाने कोणते शब्द दिले, हे पाहण्यासाठी मी पुस्तके काढली.

पुत्रांच्या बाबतीत भांडार मोठे आहे. श्रीधराच्या 'रामविजया'त (१७०३) दशरथ कौसल्येला डोहाळे विचारावयास जातो, तेव्हा ती राममय होऊन धनुष्य मागू लागते, त्राटिकेला व रावणाला मारण्याच्या गोष्टी बोलते. राजाला वाटते, हिला भूतबाधा झाली. श्रीधराची रसाळ वाणी ऐकताना श्रोते डोलत असतील ह्यात संशय नाही. परंतु येथे कौसल्या उरली कोठे? जिजाबाईंच्या डोहाळ्यांची जी वर्णने कीर्तनांतून व पोवाड्यांतून आपण ऐकतो, त्यांत घोडा, गड आणि तलवार असते. शिवनेरीवर त्या माउलीला एखादे दिवशी आवळ्याचे लोणचेही हवेसे वाटले असेल, हे कोणी गात नाही.

सीतेचे उदाहरण तर जिव्हारी लागणारे आहे. राम प्रेमाने तिची इच्छा विचारतो, आणि ती काय मागते? गंगेच्या काठची तपोवने आणि तेथल्या ओळखीच्या तपस्विकन्यांची भेट. जुन्या मैत्रिणींना भेटावे, हा सर्व काव्यांतला सर्वांत साधा, घरगुती डोहाळा मी समजतो. त्याच डोहाळ्याचे निमित्त करून तिला रथात बसविले जाते व रानात सोडले जाते. एकदाच बाईने स्वतःचे काही मागितले, आणि त्याचा उपयोग असा झाला.

कन्येचे डोहाळे कोठे आहेत? सीता नांगराच्या तासात सापडली, द्रौपदी वेदीतून निघाली. त्यांच्या आयांना नऊ महिनेच मिळाले नाहीत. पार्वतीला आई आहे. 'कुमारसंभवा'च्या पहिल्या सर्गात तिच्या जन्माने दिशा उजळतात, पुष्पवृष्टी होते, आणि हिमालयाला पुत्र असूनही ह्या लेकराला पाहताना त्याच्या दृष्टीची तृप्ती होत नाही. लेकीच्या बापाने हे वाचावे आणि डोळे पुसावे. तथापि मेनेला काय खावेसे, काय हुंगावेसे वाटले, ते तेथे नाही. न्यायाने सांगावयाचे तर मैनाकाच्या वेळीही नाही.

बायकांनी स्वतः रचलेल्या गाण्यांत निराळे जग आहे. साने गुरुजींनी 'स्त्रीजीवन'मध्ये ओव्या जमविल्या. पुढे हेमा राईरकर व गी पॉइतवाँ यांनी जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. डोहाळ्यांच्या गाण्यांत महिने मोजले जातात आणि दर महिन्याला एकेक आवड येते. त्या आवडीचा अर्थ कोणी सांगत बसत नाही. शेवटी पाळण्यात बहुधा मुलगाच घातलेला असतो, हे मी नाकारीत नाही. पण तोपर्यंतच्या ओळींत आंबट हे आंबट असते. विद्वानांनी ही गाणी 'लोकसाहित्य' म्हणून वेगळ्या कपाटात ठेवली, ह्याने नुकसान त्या गाण्यांचे झाले नाही, आमचे झाले.

आणि एक जागा मला सापडली. जैनांच्या 'नायाधम्मकहाओ' ह्या अर्धमागधी अंगग्रंथाच्या आठव्या अध्ययनात मल्लीची कथा आहे. श्वेतांबर परंपरेप्रमाणे एकोणिसावा तीर्थंकर हा स्त्री होता. ती ही मल्ली. (दिगंबरांना हे मान्य नाही.) तिची आई प्रभावती गरोदर असताना तिला डोहाळा होतो तो एवढाच, की पंचरंगी फुलांच्या शय्येवर पडावे आणि अनेक फुलांची गुंफलेली माळ हुंगीत राहावे. देव फुले आणून टाकतात, आई हौस पुरी करते, आणि त्या माळेवरून मुलीचे नाव मल्ली ठेवतात. आईची आवड लेकीचे भविष्य होत नाही, तिचे नाव होते. माझ्या मते ह्या दोहोंत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. ह्याच ग्रंथात धारिणी राणीला अवेळी पावसाचे डोहाळे होतात व मुलाचे नाव मेघ पडते. तेव्हा ही रीत त्या कथाकाराची आहे, केवळ मुलीसाठी केलेली सवलत नव्हे. मल्लीला स्त्रीजन्म का मिळाला, ह्याचे कारण मात्र कथेत आहेच: पूर्वजन्मी तिने साथीदारांपासून लपवून अधिक तप केले, त्या कपटाचे ते फळ. म्हणजे येथेही मुलगी होणे हा दोषच! मूळ वाचीपर्यंत मीही नुसत्या फुलांवर भुलून होतो.

मुलीला हे सारे सांगितले. तिने उलट मलाच एक गोष्ट सांगितली: २००१ मध्ये अमेरिकेतील काही संशोधकांनी गरोदर बायकांना शेवटच्या तीन महिन्यांत गाजराचा रस पाजला, तर पुढे त्यांच्या मुलांना पहिल्या घासापासून गाजराची चव अधिक रुचली. सुश्रुताने निरोप गर्भाकडून आईकडे येतो म्हटले. येथे तो आईकडून गर्भाकडे जातो. "म्हणजे उकड मलाच आवडते, आणि तिला मी शिकवतेय," ती म्हणाली.

तिची आई दाराशी उभी राहून ऐकत होती. मी तिला विचारले, "तुला त्या वेळी काय खावेसे वाटत असे?" तीस वर्षांनी हा प्रश्न ऐकून तिने माझ्याकडे नीट पाहिले. "भाजलेल्या शेंगा," ती म्हणाली. "कोपऱ्यावरच मिळायच्या. तुम्ही पेपर तपासत होतात."

मुलीला दुसरेच कुतूहल होते. प्रभावतीच्या माळेत फुले कोणती होती? मी ग्रंथ उघडून यादी वाचली: पाटला, मल्लिका, चंपक, अशोक, पुन्नाग, नाग, मरवा, दवणा आणि आणखी काही. मरवा-दवण्यापाशी तिने मला थांबविले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मंडईत गेलो. दवणा चैत्राखेरीज मिळणार नाही, असे फुलवाल्या बाईंनी सांगितले. मरव्याच्या दोन जुड्या मिळाल्या.