पेशींची संक्रमणे आणि वसईची वस्ती

कर्करोग पेशींतील क्रमशः बदलांनी उद्भवतो, म्हणूनच त्याने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण वयाच्या सुमारे सहाव्या घातानुसार वाढते, असे आर्मिटेज व डॉल यांनी १९५४ साली प्रतिपादिले. मांडणी सुबक खरी. परंतु संक्रमणाचा वेग आयुष्यभर स्थिर असतो हे तिचे गृहीतक वसई-विरारला लावणे धाडसाचे होय. २०११ च्या जनगणनेत १२ लाखांवर गेलेली ही वस्ती बव्हंशी स्थलांतराने वाढली. तंबाखू-सुपारीची सवय, आणि तिने तोंडाच्या श्लेष्मल त्वचेत घडविलेले बदल, माणूस गावाहून बरोबर आणतो. खानोलकरांनी १९४४ साली मुंबईतील मुखकर्करोगाच्या १००० रुग्णांचा आढावा घेतला. रुग्णालयात रुग्ण मोजता येतात, त्यांचा समाज नव्हे. ती उणीव १९६३ च्या मुंबई कर्करोग नोंदणीने बरीचशी भरून काढली. तथापि पत्ता निदानसमयीचा असतो. पहिले संक्रमण कदाचित वीस वर्षांपूर्वी, दुसऱ्याच जिल्ह्यात घडलेले असते.