लेखक, वाचक आणि जाब

दलित साहित्याच्या समीक्षेने लेखकाचा पुष्कळ विचार केला आहे. त्याची जाणीव, त्याचा नकार, त्याची बांधिलकी, त्याची भाषा यांवर रकानेच्या रकाने भरून झाले. वाचकाला मात्र आपण गृहीत धरले. दलित लेखक आपल्या माणसांसाठी लिहितो, एवढे म्हटले की समीक्षकाचे काम संपते. पण हा आपला माणूस लेखकासमोर येऊन उभा राहतो तेव्हा काय घडते? तो काय विचारतो आणि लेखक काय उत्तर देतो? गावोगाव ग्रंथमहोत्सवांचे पेव फुटलेले असताना हा प्रश्न टाळता येणार नाही.

शहापूर आणि मुरबाड हे ठाणे जिल्ह्यातले दोन ग्रामीण तालुके. मी इथे शिकवतो. तानसा आणि भातसा ही धरणे शहापूर तालुक्यात आहेत. त्यांचे पाणी मुंबईच्या नळांना जाते आणि उन्हाळ्यात याच तालुक्यातल्या पाड्यांवर बाया टँकरची वाट पाहत बसतात. पुस्तकांचा व्यवहार याहून फार वेगळा नाही. जगणे इथले असते, त्याचे पुस्तक मुंबई-पुण्याला होते आणि ते परत फिरून पाड्यावर येत नाही. गोदावरी परुळेकरांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ १९७० साली प्रसिद्ध झाले, १९७२ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. १९४५ च्या वारली उठावाची ती हकिकत. तो तलासरी-डहाणूचा मुलूख तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होता. २०१४ पासून तो पालघर जिल्ह्यात आहे. उठाव करणाऱ्यांपैकी बहुतेकांना ते पुस्तक वाचता येण्यासारखे नव्हते. त्यांची नातवंडे आता वर्गात येतात. वाचक जन्माला यायला दोन पिढ्या लागल्या, हे समीक्षेने ध्यानात घेतले पाहिजे.

१८८५ साली पुण्याच्या मराठी ग्रंथकार सभेचे निमंत्रण म. फुले यांनी नाकारले. ते पत्र आपण नकाराचा दस्तऐवज म्हणून वाचतो, आणि ते बरोबरच आहे. पण मला त्यात वाचकाचीही बाजू ऐकू येते. ज्यांचे जगणे ग्रंथात नाही आणि ज्यांच्या हाती ग्रंथ पडत नाही, त्यांच्या वतीने जोतिराव बोलत होते. पुढे १९५८ साली मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन भरले, त्याचे उद्घाटन अण्णा भाऊ साठे यांनी केले. अण्णा भाऊंना शाळा जवळजवळ मिळालीच नाही आणि त्यांचा पहिला वाचक हा खरे तर श्रोता होता, लोकनाट्य आणि पोवाडा ऐकायला जमलेला कामगार. तो आवडले नाही तर उठून जायचा. डॉ. गंगाधर पानतावणे यांच्या ‘अस्मितादर्श’ने आपल्या वार्षिक जमण्याला ‘लेखक-वाचक मेळावा’ असे नाव दिले, ते मला म्हणूनच महत्त्वाचे वाटते. त्या जोडशब्दात वाचक लेखकाच्या बरोबरीने बसला आहे, समोरच्या खुर्चीत नव्हे.

आजच्या ग्रंथमहोत्सवात तो कुठे बसतो? व्यासपीठावर लेखक आणि मुलाखतकार. मुलाखतकाराचे प्रश्न ठरलेले: लिहिताना यातना झाल्या का, एवढे सोसून कटुता कशी नाही? (कटुता नसल्याचे सांगितले की टाळ्या पडतात. कटुता आहे असे कुणी सांगून पाहावे.) शेवटी पाच मिनिटे श्रोत्यांसाठी. प्रश्न चिठ्ठीवर लिहून द्यायचा, चिठ्ठ्या आयोजक निवडणार. मग स्वाक्षरी, मग फोटो. वाचकाचे काम पुस्तक विकत घेणे आणि भारावून जाणे. वहारू सोनवणे यांची ‘स्टेज’ ही कविता आदिवासी कार्यकर्त्यांना तोंडपाठ असते. ती ज्या व्यासपीठाबद्दल आहे, त्यावर आता आपला लेखक चढला आहे. एवढाच फरक पडला असेल, तर व्यासपीठ तेच राहिले.

अशाच एका महोत्सवाला मी आमच्या काही विद्यार्थ्यांना घेऊन गेलो होतो. पाहुणे लेखक ज्येष्ठ, त्यांचे आत्मकथन अभ्यासक्रमात लागलेले. मुरबाडकडच्या एका विद्यार्थिनीने दिलेली चिठ्ठी निवडली गेली नाही. ती स्वाक्षरीच्या रांगेत उभी राहिली आणि पाळी आल्यावर तिने विचारले, “सर, तुमच्या आईनं हे पुस्तक वाचलंय का?”

लेखक प्रामाणिक माणूस. ते म्हणाले, आईला वाचता येत नव्हते.

“मग वाचून नाही दाखवलं?”

“नाही. तिला नसतं आवडलं.”

“मी घरी वाचून दाखवते सगळं. हे वाचताना आई म्हणाली, पुढचं पान उलट.”

मागच्याने ढकलले, रांग सरकली. तासाभराच्या मुलाखतीत जेवढी समीक्षा झाली नव्हती, तेवढी या चार वाक्यांत झाली. आत्मकथनातली आई ही कुणाची? जिचे उघडे दारिद्र्य, जिच्यावरचा अत्याचार आपण छापतो, तिची संमती कोणी घ्यायची? आणि आपला वाचक एकटा नसतो, हेही त्या मुलीने सांगितले. सदाशिव पेठेतला वाचक दार लावून वाचतो. आमच्याकडे पदवीच्या वर्गातली मुलगी चुलीपुढे मोठ्याने वाचते, ऐकणाऱ्यांत न शिकलेली आई असते, आजी असते, वीटभट्टीवरून आलेला बाप असतो. ज्या पानावर बाईच्या देहाचे वर्णन आहे, ते पान बापासमोर कसे वाचायचे, हा तिथे सौंदर्यशास्त्राचा प्रश्न होऊन बसतो. शरणकुमार लिंबाळे यांनी १९९६ च्या ‘दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र’मध्ये दलित साहित्याला वेगळे निकष मागितले. त्या निकषांत या ऐकणाऱ्या घराला जागा करावी लागेल.

यावर एक आक्षेप येईल. वाचकाला आवडेल तेच लिहायचे का? मुळीच नाही. दया पवार यांचे ‘बलुतं’ १९७८ साली आले. पु. ल. देशपांडे यांच्यासारख्यांनी ते गौरवले आणि आपल्याच काही माणसांना ते बोचले. झाकून ठेवायची लक्तरे चव्हाट्यावर का मांडली, असा त्यांचा रोष होता. दया पवार यांचे धामणगाव अकोले तालुक्यातले, म्हणजे शहापूर-मुरबाडच्या माथ्यावरचा सह्याद्री ओलांडला की पलीकडे. त्यामुळे ते पुस्तक आमच्या भागात परके वाटत नाही. ते लिहिले गेले नसते तर आमच्या पिढीतल्या अनेकांना स्वतःच्या घराकडे बघण्याची हिंमत झाली नसती. लेखकाने लिहायलाच हवे होते, असे माझे स्पष्ट मत आहे. पण ज्यांना बोचले त्यांना आपल्या समीक्षकांनी न्यूनगंडाचे बळी ठरवून गप्प केले, तेही योग्य झाले नाही. ती माणसे पुस्तकात होती. त्यांचा राग हा वाचकाचा जाब होता आणि प्रस्थापितांच्या कौतुकाहून तो अधिक गंभीरपणे ऐकायला हवा होता.

बेबीताई कांबळे यांचे उदाहरण याच्या शेजारी ठेवून पाहावे. फलटणला दुकान चालवताना पुड्या बांधायला आणलेल्या रद्दीत त्या वाचत. लिहिलेले घरच्यांपासून वीस वर्षे लपवून ठेवले. मॅक्सीन बर्नसन यांच्या प्रयत्नाने ते १९८२ मध्ये ‘स्त्री’ मासिकातून क्रमशः आले आणि १९८६ मध्ये ‘जिणं आमुचं’ हे पुस्तक झाले. यातला ‘आमुचं’ हा शब्द पाहा. लेखिका मुळात लपून वाचणारी वाचक होती. म्हणून ती ‘माझं’ म्हणत नाही. सुना, सासवा, वस्ती सगळ्यांना घेऊन बोलते, आणि आपल्या पुरुषांनाही जाब विचारते. माझ्या विद्यार्थिनी या पुस्तकापाशी थांबत नाहीत, वाचत जातात.

लेखकाला वाचक खऱ्या अर्थाने भेटण्याची जागा अजून एकच उरली आहे. ६ डिसेंबरला शिवाजी पार्कवर. कसारा लोकलने आसनगाव, आटगाव, खर्डीहून माणसे येतात. मुरबाडला रेल्वे नाही, तिथली एसटीने कल्याणला येऊन गाडी धरतात. चैत्यभूमीच्या रांगेतून बाहेर पडून ती पुस्तकांच्या स्टॉलवर येतात. तिथे कितीतरी लेखक स्वखर्चाने छापलेली पुस्तके चादरीवर मांडून स्वतः बसलेले असतात. मुलाखतकार नाही, चिठ्ठी नाही. म्हसाच्या यात्रेत शेतकरी बैलाचे दात पाहतो, वशिंडावर हात फिरवतो, चालवून बघतो, मग भाव करतो. शिवाजी पार्कवरचा वाचक पुस्तकाला तसाच भिडतो. उभ्याने दोन पाने वाचतो आणि विचारतो: हे तुम्ही पाहिलंय की ऐकलंय? बाबासाहेब असं कुठं म्हणाले? एका वाचकाने माझ्यासमोर एका कादंबरीकाराला ऐकवले, “वीटभट्टीचा मालक तुम्ही पगार देताना दाखवलाय. पगार कसला? पावसाळ्यातच उचल देऊन बांधून घेतो तो.” १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी बंद झाली, उचल मात्र चालू आहे. कादंबरीकार रागावले नाहीत. किती उचल, कुणाकडून, हिशेब कधी होतो, हे विचारत बसले. पुस्तक त्या गृहस्थाने घेतले नाही. पैसे परतीच्या तिकिटापुरतेच होते.

अशी भेट शहापुरात का होऊ नये? व्यासपीठ नको. पुस्तक महिनाभर आधी गावात द्यावे, चार घरांत मोठ्याने वाचले जाऊ द्यावे, मग लेखकाला बोलवावे आणि पहिला तास वाचकांनी बोलावे. लेखकाने शेवटी बोलावे. आणि आपल्या त्रैमासिकांनी लेखकाच्या भाषणाऐवजी तो पहिला तास छापावा. त्या विद्यार्थिनीकडून मी दोन पाने लिहून घेतली आहेत. आईने कोणकोणती पाने उलटायला सांगितली आणि कोणते पान पुन्हा वाचायला लावले, याची ती नोंद आहे. पुन्हा वाचायला लावलेले पान भाकरीचे नाही. शाळेत नाव घातले त्या दिवसाचे आहे.