वसईचे दोन दुभाषे

गावोगावच्या स्मरणिकांत थोर भूमिपुत्रांची नामावळी हटकून असते. जन्मसाल असते, मानसन्मान असतात. फक्त गाव तेवढे नसते! या माणसाला गावाने काय दिले, हे कोणी विचारीत नाही. आमच्या वसईपुरता तो प्रश्न विचारावा, असे फार दिवस मनात होते.

वसई म्हटली की लेखणी थेट किल्ल्यात शिरते आणि १७३९ सालच्या चिमाजी अप्पांच्या विजयापाशी थबकते. तो पराक्रम वंदनीय खराच. पण अप्पा वसईचे नव्हेत. ज्यांची नाळ इथे पुरली, त्यांचे काय?

उल्हास नदी जिथे खाडी होऊन समुद्राला मिळते, तिथले हे गाव. पोर्तुगीज अमदानीत, सोळाव्या शतकात, गोन्सालो गार्सिया इथे जन्मले. वडील पोर्तुगीज, आई इकडची. व्यापारासाठी ते जपानात राहिले, तिथली भाषा शिकले, पुढे मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात गेले. १५९३ मध्ये हिदेयोशीच्या दरबारी गेलेल्या फ्रान्सिस्कन धर्मगुरूंचे ते दुभाषे होते. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत पंचवीस सोबत्यांसह त्यांना क्रुसावर मारण्यात आले. १८६२ मध्ये ते संत ठरले. स्मरणिका त्यांच्या मरणावर पाने भरतात आणि दुभाषेपण एका ओळीत उरकतात. मला मात्र वाटते, ज्या बंदरात कानांवर सदा दोन-चार भाषा पडतात, तिथल्या मुलाला आणखी एका भाषेचे भय कसले?

दुसरे नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. त्या पट्ट्यात घरोघरी सामवेदी बोली, शाळेत मराठी. ‘सुवार्ता’चे संपादन त्यांनी वर्षानुवर्षे केले, ‘सुबोध बायबल’ मराठीत आणले, ‘हरित वसई’साठी ते उभे राहिले. २०२० साली उस्मानाबादच्या ९३ व्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. २५ जुलै २०२४ रोजी ते गेले. त्यांच्या गद्यात अधूनमधून प्रवचनाचा सूर लागतो, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु वेदी आणि ओटी यांमधले अंतर त्यांनी सोप्या मराठीने कमी केले. तेही दुभाषेपणच नव्हे काय?

म्हणजे वसईने या दोघांना दिले ते एकच : दुसऱ्याची भाषा आपली मानण्याचे बळ. ते बळ घरच्या बोलीतून येते. आणि इथेच मला माझे पाप कबूल करावे लागते. वर्गात एका मुलाने निबंधात लिहिलेला घरचा शब्द मी लाल शाईने खोडला होता. ‘शुद्ध’ शब्द त्याने निमूटपणे गिरवला. पुढल्या निबंधात घरचा एकही शब्द आला नाही.

वाचकहो, स्मरणिकेत नवी नावे यायला हवी असतील, तर आधी तो खोडलेला शब्द त्या मुलाला परत द्यायला हवा. यंदाच्या सुट्टीनंतर मी तेवढे करणार आहे.