मरण महाग होतं तेव्हा

आमच्या वेळी व्हिडिओ गेम हा चार-दोन वाया गेलेल्या पोरांचा विषय होता. त्या चार-दोघांत मी होतो, हे सांगताना जुन्या घराण्याचा गंडा बांधलेल्या गवयासारखी माझी मान आजही ताठ होते.

१९९२ साली कॉम्प्युटरच्या क्लासात 'बेसिक' शिकण्याच्या नावाखाली मी आणि माझा एक मित्र 'प्रिन्स ऑफ पर्शिया' खेळत असू. जॉर्डन मेकनर या गृहस्थाचा हा १९८९चा खेळ. त्यानं सख्ख्या भावाला पळायला, उड्या मारायला लावून त्याचं चित्रण केलं आणि त्यावरून राजपुत्र काढला. त्यामुळे राजपुत्र पडला की कुणाचा तरी भाऊ पडल्यासारखं चर्र होई. साठ मिनिटांत राजकन्या सोडवायची. मेलात तर तो मजला पहिल्यापासून, गेलेली मिनिटं मात्र गेलीच! वाटेत कचकन मिटणारा सुऱ्यांचा एक जबडा होता. तो मित्राला जमे, मला नाही. तलवार मला जमे, त्याला नाही. एकूण काय, दोघांत मिळून एक राजपुत्र! आमची मैत्री त्या जबड्यानंच जुळवली.

पुढं खेळ घरोघरी गेले. आता गिऱ्हाईक दुखावून कसं चालेल? २००३च्या 'सँड्स ऑफ टाइम'मध्ये राजपुत्राला एक खंजीर मिळाला. कळ दाबली की काळ मागं फिरे आणि पडलेला राजपुत्र पुन्हा कठड्यावर. युक्ती झकास होती, कारण खंजिरातली वाळू संपे. चुकासुद्धा काटकसरीनं कराव्या लागत. २००८च्या खेळात मात्र आपण पडलो रे पडलो की एलिका नावाची बाई हात धरून वर ओढते. दर वेळी! चित्रं देखणी, पण मरणच रद्द. पाठीवरचा डबा जन्मभर न सोडता पोहायला शिकवावं, तसं.

मग २०१२ साली 'कँडी क्रश' निघाला आणि थेट साताऱ्याला आमच्या आईपर्यंत पोचला. इथं मरण परत आलं, पण दुकान मांडून. जीव पाच. संपले की अर्ध्या तासानं एक मिळतो. दम निघत नसेल तर पैसे मोजा. मी आईला फोनवर तासभर व्याख्यान दिलं. म्हटलं, अवघड खेळात माणसाला माणूस लागत असे. आता खेळच हात देतो, नाहीतर हात पसरतो.

आई शांतपणे म्हणाली, "अरे, तुझी बहीण मागं लागली होती, तेव्हा 'तुला नाही जमायचं' म्हणून क्लासातून तिला घरी कुणी पाठवलं? आणि ते राहू दे. माझे जीव संपलेत. एक पाठव बघू."

मी मुकाट्यानं पाठवला. माणूस अजून लागत होता तर!

तीस वर्षं उशिरा का होईना, बहिणीला फोन लावला. म्हटलं, ये, तुला 'प्रिन्स' शिकवतो.

ती हसली. "दादा, तो मी बँकेत डब्याच्या सुट्टीत कधीच संपवलाय! तू अजून त्या जबड्यापाशीच का? शिफ्ट दाबून एकेक पाऊल टाकायचं रे. घाई नाही करायची."