गावगाडा आणि बलुतं

आपल्या देशातील आचारविचारांच्या विविधतेचे गुणगान सभांतून, भाषणांतून व क्रमिक पुस्तकांतून इतके झाले आहे की, त्याचा अर्थ विचारणे हाच आता उद्धटपणा ठरावा. अलीकडे विद्यापीठांतून सांस्कृतिक विविधतेचा अभ्यास हा एक स्वतंत्र विषय होऊन बसला असून, दलित व भटक्या-विमुक्त लेखकांच्या आत्मकथनांस त्यात मानाचे स्थान मिळाले आहे. ही गोष्ट इष्ट आहे, याविषयी आमच्या मनात शंका नाही. शंका आहे ती ही पुस्तके वाचण्याच्या रीतीविषयी. प्रदर्शनात निरनिराळ्या प्रांतांचे पोशाख मांडून ठेवावेत, त्याप्रमाणे ही जीवने एकापुढे एक मांडली जातात; वाचक प्रत्येकापुढे क्षणभर थांबतो, हळहळतो आणि पुढे सरकतो. अशा वाचनात सहृदयता असेल, परंतु न्यायबुद्धी कितपत असते?

ह्या प्रश्नाचा निकाल केवळ तत्त्वचर्चेने लागणार नाही. त्यासाठी दोन मराठी पुस्तके शेजारी शेजारी ठेवून पाहणे बरे. एक, त्रिंबक नारायण आत्रे यांचा १९१५ सालचा ‘गावगाडा’. दुसरे, दया पवार यांचे १९७८ साली प्रसिद्ध झालेले ‘बलुतं’. पहिले पुस्तक समाजशास्त्राच्या कपाटात असते, दुसरे ललित वाङ्मयाच्या. म्हणून त्यांची गाठ सहसा पडत नाही. वस्तुतः दोन्ही पुस्तकांचा विषय एकच आहे, आणि तो म्हणजे मराठी खेडे.

‘गावगाडा’ हा आमच्या भाषेतील एक थोर ग्रंथ होय. वतने, कारूनारू, फिरस्ते, सणवार, देणीघेणी यांची इतकी बारीक नोंद त्यापूर्वी कोणी केली नव्हती. आणि आत्र्यांची भाषाही अशी ठसठशीत की, शुष्क तपशील वाचतानाही कंटाळा येत नाही. परंतु कोणताही निरीक्षक कोठेतरी उभा राहूनच पाहत असतो. आत्र्यांच्या दृष्टीने कुणबी हा ह्या गाड्याचा बैल आणि बाकीचे बव्हंशी गाड्यात बसलेले. कुणब्याच्या खळ्यावरून कोण किती उचलून नेतो व त्याबदली किती थोडे काम करतो, हा त्यांचा मुख्य हिशेब आहे. कुणब्याविषयीचा त्यांचा कळवळा खरा आहे. त्याच्या कष्टांची ही कैफियत मांडणे अवश्यही होते.

आता ‘बलुतं’ उघडावे. आत्र्यांच्या हिशेबातील जमेची व खर्चाची तीच कलमे येथे दुसऱ्या हाताने लिहिलेली सापडतात. सरकारी सारा तालुक्याला पोचविणे, अंमलदाराच्या घोड्यापुढे धावणे, मयताची वर्दी गावोगाव नेणे, मेलेले ढोर ओढणे, ही कामे महाराने करावयाची. त्यांस वेळकाळ नाही, नकार देण्याची सोय नाही. आणि मोबदला म्हणून खळ्यावरचे धान्य मागून आणावयाचे. आत्र्यांस जो कुणब्यावरील भार दिसतो, तोच पवारांस अपमानाचा घास म्हणून आठवतो. दोघांपैकी कोणीही खोटे सांगत नाही. तपशिलात तर त्यांचे आश्चर्यकारक ऐक्य आहे. भेद आहे तो एवढाच की, एकाने देणाऱ्याचा हात पाहिला आणि दुसऱ्याने पसरलेल्या हाताची लाज सोसली.

हा भेद निव्वळ भावनेचा नव्हे. महारकी ही केवळ रूढी नव्हती. १८७४ च्या मुंबई इलाख्यातील वतनाच्या कायद्याने तिला सरकारी शिक्का होता. हे जोखड सैल करण्यासाठी डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक आणले. कनिष्ठ गावकामगारांची वतने कायद्याने नष्ट होण्यास मात्र १९५८ साल उजाडावे लागले. तेव्हा ज्यास आपण भिन्न जीवनपद्धती म्हणून कुतूहलाने न्याहाळतो, तिचा पुष्कळसा भाग कोणीतरी लादलेला व कोणीतरी राखलेला असतो. वेगळेपणाची नोंद करताना हे वेगळेपण कोणाच्या सोयीचे होते, हा प्रश्न जो अभ्यास विचारीत नाही, तो विविधतेची केवळ मोजदाद करतो.

फिरस्त्यांची गोष्टही अशीच आहे. आत्र्यांनी ‘गुन्हेगार जाती’ ह्या नावाचेही एक पुस्तक लिहिले. ते नाव त्यांच्या मनचे नव्हते. १८७१ साली प्रथम झालेल्या व पुढे मुंबई इलाख्यासही लागू झालेल्या कायद्याची ती भाषा होती. त्या कायद्याने जन्म हाच गुन्ह्याचा पुरावा ठरविला. तो कायदा १९५२ साली गेला; परंतु लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ (१९८७) वाचावे, म्हणजे कायदा गेला तरी पोलिसांची नजर गेली नाही, हे कळते. लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’ (१९८०) मधील गाढवांवर लादलेले कैकाड्याचे बिऱ्हाड चित्रमय वाटते खरे. परंतु बिऱ्हाड टाकण्यापुरतीही जागा ज्यांस हक्काने मिळत नाही, त्यांच्या भटकंतीस चित्रमय म्हणणे ही फार स्वस्त रसिकता झाली.

येथे एक आक्षेप येईल. वाङ्मयाचे मूल्यमापन वाङ्मयीन कसोट्यांनीच व्हावे. त्यास न्यायालयातील साक्षीपुराव्याचे रूप का द्यावे? आक्षेप विचारार्ह आहे. ही पुस्तके केवळ दुःखाची कागदपत्रे म्हणून वाचणे हाही त्यांच्या लेखकांवर अन्यायच होय. परंतु कसोटी लावावयाची ती ‘बलुतं’च्या घाटासच लावून पाहू. ह्या पुस्तकात दगडू मारुती पवार हा आपली कथा सांगतो आणि दया पवार हा शिकलेला, पांढरपेशा झालेला गृहस्थ ती ऐकतो. दोघे एकच आहेत, तरी एक नाहीत. ही नुसती निवेदनाची युक्ती असती तर तिचे कौतुक करून थांबता आले असते. परंतु ऐकणाऱ्याची खुर्ची येथे लेखकाने स्वतः अडवून ठेवली आहे, आणि त्या खुर्चीत बसूनही त्यास स्वस्थता लाभत नाही. मग सुशिक्षित वाचकाने तरी ती कोठून आणावी? घाटाचा विचार करू लागताच आपण पुन्हा न्यायाच्या प्रश्नापाशी येतो.

विविधतेच्या भक्तांची आणखी एक समजूत ही आत्मकथने मोडून काढतात. प्रत्येक समाजाची संस्कृती त्याच्यापुरती पवित्र, बाहेरच्याने तीस हात लावू नये, असे औदार्य हल्ली दाखविले जाते. बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ १९८६ साली पुस्तकरूपाने आले. घरच्यांपासून लपवून त्यांनी ते लिहिले होते. गावाने महारवाड्यावर केलेला जुलूम त्या सांगतात, आणि त्याच धारदार वाणीने महारवाड्यातील सासवांनी सुनांचे केलेले हालही सांगतात. ‘उपरा’तील जातपंचायतही अशीच निर्दय आहे. स्वतःच्या समाजाची अशी झडती घेणाऱ्या लेखकांपुढे आमचे ते औदार्य फारच फिके पडते. संस्कृती म्हणून सगळेच जपावे असे त्यांनी मागितलेले नाही. माणूस म्हणून जगता यावे, एवढेच त्यांचे मागणे आहे.

म्हणून आमची सूचना साधी आहे. आत्मकथनांचा वेगळा कप्पा करून ती त्यातच वाचू नयेत. ‘गावगाडा’ शिकविताना ‘बलुतं’ शिकवावे, आणि ‘बलुतं’ वाचणाऱ्याने ‘गावगाडा’ही वाचावा. त्यायोगे आत्र्यांचे मोठेपण उणे होणार नाही. उलट त्यांची दृष्टी कोठवर पोचली व कोठे थांबली, हे स्पष्ट होईल. गावाच्या खतावणीची एक बाजू आमच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या जपून ठेवलेली आहे. दुसरी बाजू आता लिहिली गेली असताना दोन्हींचा मेळ न घालता, हे सारे किती वैचित्र्यपूर्ण आहे असे म्हणून वही मिटविणे आम्हांस तरी प्रशस्त वाटत नाही.