बिनव्याजी बेसबॉल

हंगाम संपला की अमेरिकेतले बेसबॉलवेडे खेळाडूंच्या करारांचा कीस पाडत बसतात. न्यूयॉर्क मेट्सवाले तर बॉबी बोनियाच्या नावानं अजून बोटं मोडतात. २००० साली क्लबनं त्याचे ५९ लाख डॉलर पुढं ढकलले. ८ टक्के व्याज धरून २०११ ते २०३५, दर १ जुलैला सुमारे ११ लाख ९३ हजार! लुटलं म्हणे. अहो, वीस वर्षं लेजर ओढतोय. हिशेब चोख आहे. मालकांना मॅडॉफ नावाच्या भामट्याकडे याहून जास्त सुटेलसं वाटलं, घोडं पेंड खाल्लं ते तिथं. आणि २०२३ मध्ये डॉजर्सनी ओहतानीला ७० कोटी दिले म्हणून ओरडणारे? त्यातले ६८ कोटी २०३४ पासून दहा वर्षांत, तेही बिनव्याजी. म्हणजे तेव्हाच्या भावानं जेमतेम ४६ कोटी. जेमतेम म्हणताना जीभ जरा अडखळते, ते सोडा.